डांगराच्या बियांचा बोलबाला

१

बियाण्यांच्या फ्रीजला कुलूप होतं आणि कुलपावर लाखेचं सील. खाली संचालकांच्या सहीची चिठ्ठी चिकटवलेली होती: चौकशी पूर्ण होईपर्यंत उघडू नये.

हर्षाताई ठवकर दाराशीच थबकल्या. त्या या बीज-संशोधन संस्थेच्या ग्रंथपाल. सोमवारी सकाळी वर्तमानपत्रं चाळून झाली, की एक चक्कर प्रयोगशाळेत टाकायची, ही त्यांची सवय. आज फ्रीजसमोरच्या स्टुलावर डॉ. मोनाली गजघाटे बसलेली होती. हात मांडीवर, नजर सीलवर.

"कोणी मेलं तरी त्याच्या घराला असं सील लावत नाहीत ताई," ती म्हणाली. "मी तर अजून जिवंत आहे."

"काय झालं वं?"

"मी चोर आहे म्हणतात. चर्चा विकत घेतली म्हणतात मी."

त्या फ्रीजमध्ये डांगराचं बी होतं. डांगर म्हणजे आपलं खरबूज. उन्हाळ्याच्या आधी कन्हान नदीचं पाणी उतरलं, की खाप्याच्या आसपासची मंडळी वाळूत वाड्या लावतात. पूर्वी प्रत्येक वाडीची वेगळी जात असे. कुणाचं डांगर लांबोळकं, कुणाचं भेगाळलेलं, कुणाचं नुसतं वासावरून ओळखू येणारं. आता सगळीकडे दुकानातलं एकच बी. मोनालीने दारोदार फिरून जुन्या जातींचं उरलंसुरलं बी जमवलं होतं. त्यातल्या जनुकांमध्ये किती वेगळेपण शिल्लक आहे, यावर तिचा शोधनिबंध जूनमध्ये प्रसिद्ध झाला होता.

"मागच्या वर्षी पुराने वाळूच नेली, लावणी झाली नाही," मोनाली म्हणाली. "यंदाही बी वाळूत गेलं नाही तर उगवायची ताकद संपेल त्याची. खाप्याहून वाडीवाल्या नत्थूजींचा रोज फोन येऊन राहिला, वाळू मोकळी होऊन राहिली म्हणून. काय सांगू मी त्यांना? कुलपाला विचारून सांगते म्हणू?"

हर्षाताईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तशाच संचालकांच्या खोलीकडे निघाल्या.

संचालक रुपराव भोंगाडे त्यांचीच वाट पाहत होते. त्यांनी एक निनावी तक्रार पुढे सरकवली.

"वाचा. आणि ही गोष्ट तुमच्या-माझ्यातच ठेवा."

आजकाल निबंध किती चांगला यासोबतच तो किती गाजला, हेही पाहतात. बातम्यांत, फेसबुकवर, ट्विटरवर, लोकांच्या ब्लॉगवर किती वेगवेगळ्या खात्यांनी त्याचं नाव घेतलं, हे एक वेबसाइट मोजते आणि त्याचा एक आकडा देते. संस्थेत त्याला चर्चांक म्हणत. दर महिन्याचे चर्चांक काढायचं काम हर्षाताईंकडेच होतं. मोनालीच्या निबंधाचा आकडा संस्थेच्या इतिहासात कुणाचा चढला नव्हता इतका चढला होता. तक्रारीत लिहिलं होतं: ही खाती माणसांची नाहीत. सगळी नवी, सगळ्यांवर फुलांचे फोटो, सगळ्यांचा मजकूर एकच. हे यंत्राचं काम आहे.

"शुक्रवारी निधी देणारी समिती येऊन राहिली," संचालक म्हणाले. "आकडा खोटा निघाला तर प्रकल्प बंद. खरा असेल तर तो खरा कसा, ते दाखवावं लागेल. हर्षाताई, मला पोलीस नको आहेत. तुम्ही शोधा."

"आणि नाही सापडलं तर?"

संचालकांनी टेबलावरच्या तक्रारीकडे बोट दाखवलं. "तर ते सील मी काढू शकत नाही."

२

संगणकाचं आणि संस्थेच्या प्रसिद्धीचं काम सुशील पाहायचा. लकडगंजचा मुलगा, संस्थेच्या वसतिगृहात एकटा राहणारा, तोंडात कायम बडीशेप. हर्षाताईंनी विचारायच्या आत त्याने पडदा उघडला.

"ये देखो मॅडम. एक ठिपका म्हणजे एक खातं. ज्या वेळी त्यानं निबंधाबद्दल लिहिलं, त्या वेळेवर ठिपका."

पडद्यावर ठिपक्यांची रांगोळी होती. आडवे दिवस, उभे तास. जून महिना कोराच होता. जुलैच्या पहिल्या आठवड्यात अचानक सुरुवात, आणि मग रोज ठिपके. सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत दाट, त्यानंतर चिटपाखरू नाही.

"प्रत्येक खातं एकदाच बोलतं, मग चूप," सुशील म्हणाला. "माणूस असं करते का? माणूस एक बार बोलाले लागला, तर थांबते का? माझी आत्याच पाहा."

हर्षाताई हसल्या. मग चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहू लागल्या. "हे मधे मधे कोरे दिवस कशाचे?"

"सुटी."

"रोबोटला?"

"तेच तर! साधारण पंधरवड्यातून एक दिवस पूरा बंद. आणि महिन्यातून एक दिवस तर उलटाच कारभार. दिवसभर काही नाही, सारे ठिपके संध्याकाळनंतर. मी म्हणतो, कुठंतरी त्यांचा सर्व्हर बंद पडते, मग ते चालू करतात."

"तुला काय वाटतं, कोण आहे?"

सुशीलने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाव नका घेऊ माझं. पण मोनाली मॅडमच्या घराजवळ विहार आहे. वर्षावासाचे तीन महिने तिथं रोज बाया जमतात, वाचन असते. मॅडमची मावशी कांताबाई पुढे राहते सगळ्यात. समजून घ्या ना. जुलैत सुरू झालं, रोज होते, बायाच बाया."

हर्षाताईंनी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. सुशीलने तो उघडला. जास्वंदीचं फूल, आणि खाली मजकूर: 'नदीच्या वाळूत एकेका वाडीने एकेक जात सांभाळली. बी एकच उरलं तर एकाच रोगात सारं जाईल. वेगळेपण हीच त्यांची ढाल आहे.' त्याखाली निबंधाचा दुवा. दुसरा ठिपका उघडला, तिसरा उघडला. शब्द न् शब्द तोच.

त्यांच्या कपाळावर आठी आली.

"सुशील, हा मराठी गोषवारा आपण कुठं टाकला होता?"

"कुठंच नाही. मॅडमनं मेल केला होता, माझ्याकडे फॉन्ट उघडलाच नाही. चौकोन चौकोन दिसले. मी तसाच ठेवून दिला."

म्हणजे जो मजकूर जगभर फिरत होता, तो संस्थेबाहेर गेलेलाच नव्हता.

३

गोषवारा चौघांकडे होता. मोनालीने लिहिला. सुशीलकडे त्याचे चौकोन झाले. संचालकांनी न वाचताच तो पुढे पाठवला. आणि तो ज्यांच्याकडे तपासायला गेला ते डॉ. कृष्णकांत वैरागडे, सागाच्या जनुकांवर आयुष्य काढलेले ज्येष्ठ शास्त्रज्ञ.

हर्षाताई आधी मोनालीकडे गेल्या. जेवायची सुटी होती. डबा उघडा होता, पण पोळीला हात लागलेला नव्हता.

"तुझी मावशी विहारात जाते ना?"

मोनालीने मान वर केली. ती हुशार पोरगी. प्रश्न कुठून आला, तिला लगेच कळलं.

"ताई, तुम्ही पण?"

"मला विचारावं लागतं वं. आज मी विचारलं नाही, तर शुक्रवारी दुसरं कोणी विचारेल. तो माझ्यासारखा विचारणार नाही."

मोनालीने डब्याचं झाकण लावलं. "आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वाचन होतं आमच्याकडे. परवा समारोप झाला. खीर वाटली, मी तुम्हाला डब्यात आणली होती, आठवते? आणि मावशीला फोन उचलता येतो, ठेवता येत नाही. फेसबुक कुठलं आलं! एकदा माझ्यासोबत बोलून झाल्यावर फोन तसाच ठेवला तिनं. अर्धा तास मी तिच्या भाजीची फोडणी ऐकत होते."

हर्षाताईंना हसू आलं. मोनालीही हसली, पण हसता हसता तिचे डोळे भरले.

"मला तो आकडा नको होता ताई. मी तर कधी बघतही नव्हते. एवढे लोक बोलून राहिले म्हणून मनात मात्र वाटलं, की आपलं बी कुणाला तरी हवं आहे. आता म्हणतात ती माणसंच नाहीत."

परतताना हर्षाताईंनी सुशीलच्या खोलीत पुन्हा डोकावलं.

"पौर्णिमा होऊन गेली, तरी ठिपके येतात?"

"आज सकाळीही आले ना! ढीगभर."

वाचन संपलं होतं. ठिपके थांबले नव्हते. आणि मोनाली सांगत होती त्या आषाढ पौर्णिमेच्या काही दिवस आधीच ते सुरू झाले होते. विहारातल्या बायांचा यात काही संबंध नव्हता. हर्षाताईंना बरं वाटलं, पण लगेच दुसरा विचार आला. आता एकच माणूस उरला होता.

४

वैरागडे सरांच्या टेबलावर सागाच्या खोडाची चकती होती आणि ते तिच्यावर चहाचा कप ठेवत. हर्षाताई येताच त्यांनी शिपायाला दुसरा कप सांगितला.

"त्या पोरीबद्दल आला असाल."

"तिच्या गोषवाऱ्याबद्दल. तुम्ही तपासला होता तो."

"तपासला म्हणजे? माझी पद्धत आहे हर्षाताई. मराठीतलं काही आलं, की मी ते घरी नाश्त्याच्या वेळी मोठ्यानं वाचतो. पोहे खाता खाता जे समजतं, ते लोकांना समजतं. हे समजलं. मी शेरा दिला, उत्तम."

"मोठ्या मनाचे आहात."

"मनाचं काय घेऊन बसलात!" सर एकदम उसळले. "पोरगी चांगली आहे, निबंध चांगला आहे. पण हे चर्चा-बिर्चा? मी जन्मभर साग मोजला. माझ्या निबंधाबद्दल किती लोक बोलले माहीत आहे? एक मी, आणि एक कुणी फर्निचरवाला, त्याला वाटलं मी लाकूड विकतो. आणि इथं जास्वंद आणि मोगऱ्याचे फोटो लावलेली नवी खाती रोज रोज रांगेनं येतात आणि एकच वाक्य म्हणतात! ह्याला विज्ञान म्हणायचं?"

हर्षाताईंनी चहाचा घोट घेतला. कप हलकेच खाली ठेवला.

"फुलांच्या फोटोंचं तुम्हाला कुणी सांगितलं, सर?"

"म्हणजे?"

"ते त्या तक्रारीत आहे. तक्रार संचालकांनी वाचली आणि मी वाचली."

सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. खिडकीबाहेर पाहिलं.

"सही करायला हवी होती मी," ते अखेर म्हणाले. "तेवढं चुकलं. पण तक्रार खोटी नाही. संस्थेचं नाव खराब व्हायच्या आधी आपणच धुऊन काढावं, एवढंच मनात होतं."

हर्षाताई उठल्या. वऱ्हांड्यात येता येता त्या एकेक गोष्ट जुळवत गेल्या. गोषवारा यांच्या हातात होता. आकड्याचा राग यांच्या मनात होता. तक्रार यांनीच केली होती. एखाद्याला बुडवायचं असेल तर त्याच्या नावाने खोटी खाती कुणीही उघडू शकतं, आणि मग आपणच बोंब मारू शकतं.

वैरागडे सर तसे असतील? त्यांच्या मनाला ते पटेना. पण मनाला पटत नाही, एवढ्यावर शुक्रवारी सील निघणार नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी हर्षाताईंचा उपास होता. पोटात काही नसलं की डोकं हलकं चालतं, असं त्या नेहमी म्हणत. पण त्या दिवशी ते अजिबात चालेना. दुपारी सुशील ग्रंथालयात आला. बडीशेप चघळायचीही विसरला होता.

"मॅडम, आज सकाळपासून एकही ठिपका नाही."

"सुटी?"

"सुटीचा दिवस आत्ताच तर होऊन गेला, कोजागिरीच्या आधी. मला तर वाटते, चौकशीची खबर लागली त्यांना. बंद केलं दुकान. आता आपण कोणाले पकडणार?"

वैरागडे सरांना चौकशीचं कालच कळलं होतं, आणि आज ठिपके थांबले. हिशोब इतका सरळ जुळत होता, की हर्षाताईंना तो नकोसा वाटला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी गणपतीची पूजा केली, मोदक वाफवायला ठेवले आणि गच्चीवर गेल्या. दिवेलागण होऊन गेली होती. पूर्वेला ढगांचा एक पट्टा होता. शेजारची दीप्ती कपडे काढायला आली होती.

"काकू, निघाला का हो तुमचा चंद्र? घरात मोदकाचा वास सुटला, आमची पोरं दारात येऊन बसली आहेत."

"त्यांना म्हणावं, ज्याच्यासाठी केले त्याला आधी. चंद्र उगवू दे, मग सगळ्यांना."

तेवढ्यात फोन वाजला. सुशील होता, आणि ओरडतच होता.

"मॅडम! चालू झाले! धडाधड येऊन राहिले, एकामागून एक! मी म्हटलं होतं ना, सर्व्हर बंद पडते म्हणून..."

हर्षाताईंनी पूर्वेकडे पाहिलं. ढगाची कड उजळायला लागली होती. अजून थोडा वेळ. एवढ्यात संकष्टी करणाऱ्या घराघरांत पानं मांडायला घेतली असतील. आज दिवसभर जेवण नाही. चंद्र दिसला, की जेवण.

त्यांनी गच्चीचा कठडा घट्ट धरला.

"सुशील, महिन्यातून एकदा तो जो संध्याकाळचा दिवस येतो, त्याच्या तारखा सांग मला. आणि सुटीच्याही सगळ्या. थांब, मी खाली जाते."

त्या स्वयंपाकघरात धावल्या. ऑफिसच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर नुसते आकडे असतात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिथी असतात. सुशील फोनवर तारखा सांगत गेला आणि त्या पानं मागे उलटत गेल्या. संध्याकाळचे दिवस, सगळ्या संकष्ट्या. सुटीचे दिवस, सगळ्या एकादश्या. जुलैतला पहिला ठिपका, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचा.

"मॅडम? सापडला का रोबोट?"

"सापडला," हर्षाताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हसू होतं. "तो उपास करतो. आणि नेमाचं काम झाल्याशिवाय जेवत नाही."

बाहेर दीप्तीच्या पोरांनी आरोळी ठोकली. चंद्र वर आला होता.

६

चातुर्मासाचा नेम. कुणी लसूण सोडतं, कुणी पानावर जेवतं, कुणी लाख वेळा नाव लिहितं. या ठिपक्यांमागच्या बायांनी काय धरलं होतं, तेही आता दिसत होतं. खातं रोज वेगळं, आणि ते एकदाच बोलणारं. म्हणजे रोज नव्या बाईला सांगायचं आणि तिच्याकडून करून घ्यायचं. त्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही. एकादशीला ताटच नाही, म्हणून नेमही नाही. मजकूर शब्द न् शब्द तोच, कारण नेमाचे बोल कोणी आपल्या मनाने बदलत नसतं. आणि फोटोंवर चेहरा नाही, फूल. हर्षाताईंच्या स्वतःच्या फोनवरही त्यांचा फोटो कुठे होता? कमळ होतं.

राहिला प्रश्न, हे बोल आले कुठून? मोनालीच्या घरी संकष्टी नाही. सुशीलकडे चौकोन. संचालकांनी वाचलंच नाही. एकाच घरात हा गोषवारा मोठ्याने वाचला गेला होता, पोहे खाता खाता. तो कुणी तरी ऐकलाही असणार.

गुरुवारी त्या हुडकेश्वरला वैरागडे सरांच्या घरी गेल्या. सर ऑफिसात होते. दार त्यांच्या पत्नीने, गोपिकावहिनींनी उघडलं. ठेंगण्या, गोऱ्या, कपाळावर मोठं कुंकू.

"या बाप्पा हर्षाताई! ह्यांनी काही विसरलं का घरी?"

"नाही हो वहिनी. मीच काही विचारायला आले."

पाणी झालं, चहा झाला. हर्षाताईंनी फ्रीजच्या सीलबद्दल सांगितलं. मोनालीबद्दल सांगितलं. खाप्याहून येणाऱ्या फोनबद्दल सांगितलं. कुणाचंही नाव न घेता तक्रारीबद्दलही सांगितलं. वहिनींचा चेहरा उतरत गेला.

"आम्ही पाप केलं का वं?" त्यांनी हळूच विचारलं. "आमच्या मंडळातल्या साऱ्या बाया दरवर्षी काही ना काही सोडतात. यंदा मी म्हटलं, सोडाचं नाही, धराचं. ह्यांनी ते वाचलं सकाळी. माह्या माहेरी, खाप्याले, कन्हानच्या वाळूत डांगरवाडी होती आमची. आमच्या डांगराचा वास चार घरं जाये. बाबा गेले अन् ते बीही गेलं, मले वाटलं. अन् हे वाचून राहिले, की एक पोरगी ते जपून राहिली! मी पोहे परतता परतता रडली. ह्यांले वाटलं कांद्यानं. हे गेल्यावर तो कागद मी उतरून घेतला, खालच्या दुव्यासकट."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं का नाही?"

"नेम घरच्या माणसाजवळ बोलत असतात का? बोलला की गेला. कार्तिकी एकादशीले सुटल, तवा सांगाचं."

हर्षाताईंनी मान हलवली. त्यांना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांचे स्वतःचे दोन नेम त्यांच्या नवऱ्याला ठाऊक नव्हते.

"समिती उद्या येते वहिनी. कार्तिकीला अजून वेळ आहे. मला कळलं ते मी उद्या सांगेन. पण तुमचं नाव मी घेणार नाही, तुमचा नेम माझ्या तोंडून मोडणार नाही. एवढंच सांगायला आले."

"नावाबिगर मानतीन ते?"

हर्षाताईंनी पायात चप्पल सरकवली. खोटं बोलणं त्यांना जमत नसे.

"बहुतेक नाही," त्या म्हणाल्या.

७

शुक्रवारी समितीपुढे हर्षाताई उभ्या राहिल्या. अध्यक्षा दिल्लीहून आल्या होत्या, मूळच्या अमरावतीच्या. मोनाली भिंतीला टेकून उभी होती. वैरागडे सर पहिल्या रांगेत होते. हर्षाताईंनी सुशीलची रांगोळी पडद्यावर लावली आणि शेजारी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उघडून धरलं. ठिपके एकादशीला थांबतात. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहतात. बाकी दिवस जेवणापूर्वी आटोपतात. जे उपाशी राहतं आणि भुकेने घाई करतं, ते यंत्र नसतं.

खोलीत कुजबुज झाली. कुणीतरी हसलंही. अध्यक्षा मात्र हसल्या नाहीत.

"हुशारीने शोधलंत. पण यंत्रालाही कुणी तिथी शिकवू शकतं, हर्षाताई. ही माणसं कुठे आहेत? एक तरी दाखवा मला."

हर्षाताईंनी मोनालीकडे पाहिलं नाही. पाहवलं नसतं.

"मॅडम, त्या कार्तिकी एकादशीपर्यंत..."

मागचं दार उघडलं. आधी बांगड्यांचा आवाज आला, मग बाया आल्या. हिरव्या, जांभळ्या, अबोली लुगड्यांनी खोलीचा मागचा भाग भरून गेला. पुढे गोपिकावहिनी.

वैरागडे सर उभे राहिले. "तू? तू इथं काहून?"

"रोबोट पाहाले आली," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही शोधून राहिले होते नं? घ्या, सापडला. रोज तुमच्यासमोर पोहे वाढते."

सर मटकन खाली बसले. हशा पिकला. वहिनी मात्र सरळ अध्यक्षांकडे गेल्या आणि हात जोडले.

"नेम बोलून दाखवला म्हणजे मोडला, हे मले माहीत आहे. मोडलेल्या नेमाचं प्रायश्चित्त घेता येते. बी मेलं तर त्याले प्रायश्चित्त नाही."

अध्यक्षांनी रांगेतल्या एका बाईकडे बोट केलं. "तुम्ही सांगा. तुम्ही जे लिहिलं, त्याचा अर्थ काय?"

त्या बाईने पदर सावरला. "आमच्या घरी साऱ्याइले एकच सर्दी होते. एकाले झाली की सारे झोपतात, चहा कराले कोणी उरत नाही. पण माही मोठी सून वेगळ्या हाडाची आहे, तिले होत नाही. तिच्यामुळे घर चालते. तसंच डांगराचं. वेगळ्या हाडाचं एकतरी पाहिजे."

"आणि पैसे कुणी दिले तुम्हाला?"

"पैसे? उलट माह्या नातवाले वीस रुपये द्या लागले खातं उघडून द्याचे!"

या वेळी अध्यक्षाही हसल्या. पेन उचलून त्यांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि तो संचालकांकडे सरकवला. संचालकांनी तो वाचला, खिशातून किल्ली काढली आणि मोनालीच्या हातात ठेवली. ती किल्लीकडे पाहत राहिली, जणू हातात चिमणी दिली होती.

वैरागडे सर तिच्यासमोर आले. "ती तक्रार माझी होती, डॉक्टर गजघाटे. सही केली नव्हती. आता सगळ्यांसमोर करतो." आणि थोडं थांबून म्हणाले, "तुमचं मराठी फार सोपं आहे. तेच नडलं मला."

मोनाली हसली. "सर, तुम्ही मोठ्यानं वाचलं नसतं तर ते कुणाला कळलंच नसतं."

दिवाळीनंतरच्या एका सकाळी कन्हानच्या वाळूत बायांची रांग बसली होती. नत्थूजी आळी करून देत होते, शेणखत टाकत होते, आणि कोणी बी जास्त खोल घातलं की ओरडत होते. एका बाजूला वैरागडे सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घमेली वाहत होते, आणि त्यांच्या बायकोच्या मैत्रिणी त्यांना एकसारखी कामं सांगत होत्या.

गोपिकावहिनींनी प्रायश्चित्त स्वतःच ठरवलं होतं: नदीचं पाणी चढेपर्यंत दर आठवड्याला इथे यायचं आणि वाडीला पाणी घालायचं. मोनालीने त्यांच्या तळहातावर चार बिया ठेवल्या.

"हे खाप्याचंच आहे, वहिनी. तुमच्या बाबांचं आहे का, ते नाही सांगता येत मला. डांगर पिकलं, की वासावरून तुम्हीच सांगा."

वहिनींनी बिया मुठीत धरल्या, कपाळाला लावल्या, आणि वाळूत एकेक ठेवत गेल्या. हर्षाताई काठावर बसून पाहत होत्या. त्यांना वाटलं, आपणही एक बी लावावं. मग त्यांनी साडी खोचली आणि वाळूत उतरल्या.